वक्तृत्वाची तयारी: 25 नोव्हेंबर 1949 चं भाषण समोर ठेवून

शाळेच्या आठवणी लिहिणारे या स्मरणिकेत पुष्कळ असतील. म्हणून माझ्या वाट्याची जागा मी आठवी ते दहावीच्या त्या मुलामुलींना देतो, ज्यांची नावं या वर्षी वक्तृत्व स्पर्धेला गेली आहेत.

शालेय स्पर्धांत सर्रास दिसणारा दोष आवाजाचा नसतो, क्रमाचा असतो. ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग’ संपतं न संपतं तोच आवाज कापरा होतो, मूठ आवळली जाते, पाठोपाठ चारोळी येते. श्रोत्यांना अजून काहीच कळलेलं नसतं, मग त्यांनी गहिवरायचं कशावर?

पटवून देण्याची तीन साधनं ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात सांगितली: इथॉस म्हणजे बोलणाऱ्यावरचा विश्वास, पॅथॉस म्हणजे ऐकणाऱ्याची भावना आणि लोगॉस म्हणजे मुद्द्याचा तर्क. हा विश्वास वक्त्याच्या आधीच्या नावलौकिकातून नव्हे, तर भाषणातूनच निर्माण व्हायला हवा, असंही तो म्हणतो. शाळकरी वक्त्याला याहून सोयीचं काय! नावलौकिक कुणाचाच नसतो.

ही तिन्ही साधनं एकत्र पाहायची तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं संविधान सभेतलं 25 नोव्हेंबर 1949 चं भाषण घ्या. मूळ इंग्रजी आहे, मराठी अनुवादही मिळतो. मुलं त्याचा शेवटचा भाग पाठ करतात. शिकण्यासारखा आहे तो पहिला.

संविधान तयार करायला सभेने फार वेळ घेतला, असा आक्षेप होता. त्याला आंबेडकर उत्तर देतात ते हिशेबाने. 9 डिसेंबर 1946 च्या पहिल्या बैठकीपासून 2 वर्षे, 11 महिने, 17 दिवस, 11 अधिवेशनं, कामाचे 165 दिवस, त्यांतले 114 मसुद्यावर. पण नुसत्या आकड्याने कुणाचंच समाधान होत नाही, म्हणून लगेच तुलना येते: अमेरिकेला 4 महिने लागले, दक्षिण आफ्रिकेला वर्षभर, कॅनडाला 2 वर्षे 5 महिने, ऑस्ट्रेलियाला 9 वर्षे. पहिल्या दोन देशांपेक्षा आपल्याला जास्त वेळ लागला, हे ते स्वतःच मान्य करतात. आणि मग आपल्या संविधानाचा आकार दाखवतात, त्यावर प्रत्यक्ष मांडल्या गेलेल्या 2,473 दुरुस्त्या दाखवतात. विरोधकाचं जे खरं आहे ते आधी देऊन टाकलं, की पुढचं ऐकायला तोही तयार होतो. इथे तर्क आणि विश्वास एकाच वाक्यात काम करतात.

पुढे कौतुक आलं की ते श्रेय वाटून टाकतात: संविधान सभेचे घटनात्मक सल्लागार बी. एन. राव यांना, मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांना. इतकं झाल्यावरच स्वकीयांच्या फितुरीचे दाखले येतात: सिंधचा राजा दाहीर, लाच घेतलेले त्याचे सेनापती, महंमद घोरीला बोलावणारा जयचंद आणि शिवाजी महाराजांच्या काळात मोगलांच्या बाजूने लढणारे सरदार, आणि मग प्रश्न येतो: इतिहासाची पुनरावृत्ती होईल का? हा प्रश्न भाषणाच्या सुरुवातीला विचारला असता तर वाया गेला असता.

आता तुमचं भाषण. ‘शाळेसमोर गतिरोधक हवा’ हा विषय धरू. सगळ्यात आधी कुणी काय करायचं ते एका वाक्यात लिहा: नगरपालिकेने फाटकाच्या दोन्ही बाजूंना गतिरोधक बसवावा. हे वाक्य जमत नसेल तर भाषण लिहायला बसू नका. मग शाळा सुटताना 15 मिनिटं उभं राहून वाहनं मोजा. तीच मोजणी सुट्टीच्या दिवशी, त्याच वेळी करा. तुलनेला दुसरा आकडा मिळेल. वर्तमानपत्रातला देशभरातल्या अपघातांचा आकडा इथे कुचकामी, कारण तो या रस्त्याचा नाही. विरोधातला सगळ्यात भक्कम आक्षेपही लिहून काढा, उदाहरणार्थ रुग्णवाहिकेला होणारा उशीर. तो मान्य करून उत्तर द्या. सोपा आक्षेप निवडलात तर परीक्षकांच्या लगेच लक्षात येतं.

पाच मिनिटांच्या भाषणात भावनेला एकच जागा ठेवा, तीही साडेतीन मिनिटांनंतर. ‘निष्पाप बालकांचे बळी’ असलं काही नको. पाठीवरच्या दप्तरामुळे मागून येणारं वाहन न दिसणारी पाचवीतली मुलगी पुरे. प्रश्न विचारलात तर मनात दोन आकडे मोजेपर्यंत थांबा. बहुतेक मुलं श्वासही न घेता स्वतःच उत्तर देतात आणि प्रश्न फुकट जातो.

पाच मिनिटांना 500 ते 550 शब्द पुरतात. 700 शब्द कोंबले की शेवटचा परिच्छेद धावत म्हणावा लागतो, आणि मागणी नेमकी तिथेच असते. संहिता तयार झाली की तीन रंगांच्या पेन्सिली घ्या: विश्वास, तर्क आणि भावना यांच्या वाक्यांखाली वेगवेगळ्या रेघा ओढा. पहिल्या साडेतीन मिनिटांत भावनेचा रंग दिसला तर ते वाक्य खाली न्या. ज्याच्याखाली कोणतीच रेघ बसत नाही ते बहुधा सुभाषित असतं, ते काढा. शब्दन् शब्द पाठ करू नका, परिच्छेदांचं पहिलं वाक्य तेवढं पक्कं ठेवा. मध्येच अडखळलात तर तिथून पुन्हा धरता येतं. आणि इशाऱ्याची घंटा वाजली, की हातातला मुद्दा सोडून थेट मागणीच्या वाक्यावर या.