नव्या गाडीला नवं भोक नाही

नव्या पिकअपवर घरीच काय काय काम केलं आणि का, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नर्सरीत रोपं न्यायला येणाऱ्यांतला निम्मा माणूस आधी आमच्या पिकअपकडे बघतो आणि मग रोपांकडे. “ताई, नवी कोरी गाडी, अजून सीटचं प्लास्टिक निघालं नाही, आणि घरीच खोलून बसलासा व्हय? कोल्हापुरात काय गॅरेज नाहीत?”

आहेत की. उद्यमनगरात एका गल्लीत फिरलं तरी वेल्डर, टर्नर, पाटेवाला, वायरमन सगळे भेटतात. पण तिथं नवी पिकअप उभी केली की पहिला प्रश्न येतो, “काय काय बसवायचं?” गाडीतून काय वाहायचं आहे, हे कुणी विचारत नाही. मला उलट्या बाजूनं सुरुवात करायची होती, म्हणून पहिले काही रविवार गाडी दारातच ठेवली. एक नियम घालून घेतला: कंपनीनं जी भोकं, जे बोल्ट, ज्या कड्या दिल्यात त्यांवरच काम भागवायचं. बॉडीला किंवा चॅसीला नवं भोक पाडायचं नाही आणि कंपनीची एकही वायर कापायची नाही.

गाडी दुहेरी केबिनची, मागे हौदा. आंबा, काजू, नारळाची रोपं भरून गगनबावड्याकडे आणि तिथून घाट उतरून खाली कोकणात जाणं, येताना रिकामं किंवा शेणखत घेऊन येणं, हे तिचं काम. इसुझूची व्ही-क्रॉस २०१६ मध्ये आपल्याकडे आली, टोयोटाची हायलक्स २०२२ मध्ये, तेव्हापासून पिकअप ही हौसेची गाडीही झाली आहे. तिचे व्हिडिओ बघून माझा भाचा रोज नवी यादी आणतो. तो शिरोलीला फाउंड्रीत आहे, हातात कसब आहे, डोक्यात स्नॉर्केल आहे, म्हणजे पाण्यातून जाताना इंजिनाला वरून हवा देणारी नळी. त्याच्याकडे नंतर येते.

गाडी आली तेव्हा पहिला खर्च केला तो वजनकाट्याचा. आरसीवर रिकामं वजन आणि भरल्यावरचं कमाल वजन दोन्ही असतात. दोन्हींतला फरक म्हणजे माल असं बहुतेक लोक धरून चालतात. पण त्या फरकात चालक, शेजारची माणसं, त्यांचे डबे आणि आपण हौसेनं बसवलेलं सगळं लोखंड मोडतं. आंब्याच्या मोठ्या कलमाची लाल मातीची पिशवी पंधरा किलोला सहज जाते, आणि निघताना पाणी घातलं की आणखी जड होते. म्हणजे साठ किलोचं पुढचं गार्ड बसवलं तर मी प्रत्येक खेपेला चार कलमं घरी ठेवून जायची. हा हिशेब एकदा कागदावर मांडला आणि भाच्याची अर्धी यादी तिथंच मिटली.

गार्डचा प्रश्न तसाही उरत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवलं की असली पुढची गार्डं, म्हणजे बुलबार, कायद्यात बसत नाहीत. धडक झाली तर पायी चालणाऱ्याला जास्त लागतं आणि एअरबॅगच्या सेन्सरचं गणितही बिघडतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कंपनीच्या मूळ रचनेशी आणि नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल चालणार नाही. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. हौद्यात टाकलेली मॅट यात कुणी धरत नाही, पण कापलेली चॅसी नक्की धरतील.

आता नवं भोक का नको, ते. बॉडी कारखान्यात प्रायमरच्या टाकीत बुडवून काढतात, आणि विजेच्या जोरावर तो थर सांदीकोपऱ्यात जाऊन बसतो. ड्रिल मारलं की त्या भोकाची कड उघडी पडते. वरून ब्रशनं रेड ऑक्साइड लावा, नाहीतर टचअपची बाटली आणा, मूळ थराची बरोबरी होत नाही. शिवाय ड्रिलचा बारीक किस आतल्या पोकळीत सांडतो आणि पहिल्या पावसात तोच आधी गंजतो. साळवण ओलांडून पुढे गेलं की पावसाळ्यात गाडी आठवडाभर कोरडी म्हणून होत नाही, आणि लाल चिखल मिळेल त्या फटीत बसून राहतो. माझ्या मालात खत असतं. खताचं पाणी म्हणजे क्षारांचं पाणी, ते पत्र्याला साध्या पाण्याहून लवकर खातं.

म्हणून हौद्याचं काम सगळ्यात आधी केलं आणि त्यावरच जास्त वेळ घालवला. गोठ्यात म्हशीखाली टाकतात ती जाड रबर मॅट आणली. तिच्या खालच्या बाजूला खाचा असतात, त्यांतून पाणी सरकत मागे येतं आणि फाळक्याच्या, म्हणजे हौद्याच्या मागच्या झडपेच्या, फटीतून बाहेर पडतं. मापाला कापायला धारदार सुरी आणि साबणाचं पाणी पुरतं. पातं ओलं ठेवलं की रबर धरत नाही. पिशव्या आता घसरत नाहीत, आणि वळणावर सगळा माल एका अंगाला जाण्याचा प्रकार थांबला. मॅट जड आहे, तिचं वजन मी मालातून वजा धरते. आणि ती चिकटवलेली नाही, मुद्दामच. खाली ओल आणि खताची माती साचतेच, त्यामुळे अधूनमधून उचलून खालचा पत्रा धुवावा लागतो. हौद्यात फवारून बसवायचं कायमचं अस्तरही मिळतं आणि दिसतं छान, पण त्याखाली ओल शिरली तर गंज बाहेर येईपर्यंत कळत नाही.

वरचं झाकण हा दुसरा मोठा विषय. ताडपत्रीखाली रोपं उकडतात आणि उघडी नेली तर वाऱ्यानं कोवळी पालवी करपते. हायवेवर तासाभरात फरक दिसतो. मधला मार्ग नर्सरीतच होता, पन्नास टक्क्यांची हिरवी शेडनेट. ती टाकायला कमानी लागतात, आणि एवढ्यापुरती मी उद्यमनगरात गेले. जीआय पाइप वाकवून घेतला, कॅबिनच्या छतापेक्षा उंच जाऊ दिला नाही, आणि हौद्याच्या कडेच्या पाइपला यू क्लॅम्पनं आवळला. क्लॅम्पखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे घातलेत, म्हणजे रंग खरवडत नाही आणि आवाजही येत नाही. मिस्त्रींनी दोनदा विचारलं, “ताई, वेल्डिंगचे चार टाके मारून देऊ का? हालायचं नाही.” हालायला पाहिजे हो, सुटायला पाहिजे. शेणखत भरायच्या दिवशी या कमानी फावड्याच्या आड येतात, म्हणून दहा मिनिटांत काढून बाजूला ठेवते.

ज्यावर सगळ्यांशी वाद होतो तो पाटा, म्हणजे मागच्या ॲक्सलवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगमधली एक पट्टी. “मागं एक पाटा वाढवा, गाडी बसायची नाही.” ऊस वाहणाऱ्यांपासून वीटभट्टीवाल्यांपर्यंत सगळे हेच सांगतात, आणि गाडी उचललेली दिसते म्हणून खरंही वाटतं. पण पाटा वाढल्यानं ॲक्सल, बेअरिंग, टायर, क्लच यांपैकी काहीच वाढत नाही. आणि एक गोष्ट फार कमी लोक बघतात. बऱ्याच पिकअपच्या मागच्या ब्रेक लाइनवर एक व्हॉल्व्ह असतो, त्याची दांडी मागच्या ॲक्सलला जोडलेली असते. माल भरला, हौदा खाली बसला, की दांडी सरकते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. गाडी रिकामी असली की हौदा उंच राहतो आणि दाब कमी होतो, कारण हलकी झालेली मागची चाकं जाम झाली तर गाडी फिरते. आता पाटा वाढवून भरलेली गाडीही उंचच ठेवली, तर व्हॉल्व्हच्या लेखी ती रिकामीच. मालासकट करूळ घाट उतरताना मागचे ब्रेक अर्धेमुर्धे लागणार. गाडी बसत असेल तर माल कमी करावा, हे उत्तर कुणाला आवडत नाही, पण माझ्याकडे दुसरं नाही. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी टायरमधल्या हवेचे वेगळे आकडे असतात, ते पाळले तरी भरलेल्या गाडीचं डोलणं बरंच कमी होतं. त्यासाठी बारा व्होल्टचा छोटा पंप घेतला, तो सीटखाली असतो.

विजेचं काम बेताचंच केलं. पहाटे माल भरायला हौद्यावर उजेड लागतो, म्हणून दहा वॅटची एलईडी पट्टी लावली. बारा व्होल्टवर दहा वॅट म्हणजे एक अँपिअरही होत नाही. फ्यूज बॉक्समधल्या रिकाम्या जागेतून फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागेतून वेगळी वायर काढायचा जोड) घेतला, तीन अँपिअरचा फ्यूज घातला, आणि वायर कंपनीच्याच रबरी बुशातून बाहेर काढली. फ्यूज दिव्यासाठी नसून वायरसाठी असतो. वायर कुठं घासली आणि बॉडीला टेकली तर वितळायची ती, म्हणून फ्यूज वीज घेतो त्या टोकाजवळ हवा, दिव्याजवळ असून उपयोग नाही. काम करताना बॅटरीचं निगेटिव्ह आधी सोडायचं आणि शेवटी लावायचं. पॉझिटिव्ह आधी सोडायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला, तर ठिणगी केवढी उडते ते कुठल्याही वायरमनला विचारा. हेडलाइटला हात लावला नाही. साठ-पंचावन्न वॅटच्या जागी शंभर-नव्वद वॅटचे बल्ब घालणारे पुष्कळ आहेत. ते नियमात बसत नाहीत, होल्डर वितळतात, आणि घाटात समोरच्याला काही दिसत नाही ते वेगळंच.

बाकी किरकोळ. मागच्या चाकांना मोठे मडफ्लॅप, मूळ स्क्रूवरच. फाळक्याच्या साखळ्यांवर जुना गार्डन पाइप चढवला, खळखळ बंद. मागच्या दारांच्या आत पत्र्याचा आवाज दाबणारी डॅम्पिंग शीट चिकटवली, तेव्हा दाराच्या तळाची पाणी जायची भोकं मोकळी ठेवली; ती बुजली की दार आतून कुजतं. चॅसीखाली काळं कोटिंग मारून घ्या असा आग्रह झाला होता, पण नव्या गाडीला मी ते केलं नाही. दर पावसाळ्यात पाट्यांमधला आणि चॅसीच्या बेचक्यांतला चिखल पाण्याच्या दाबानं काढणं याला जास्त किंमत देते.

राहिलं भाच्याचं स्नॉर्केल. “मावशी, २०१९ ला, २०२१ ला पुराचं पाणी कुठवर आलतं, बघितलंयस नव्हं?” बघितलंय ना. पण स्नॉर्केलसाठी फेंडर, म्हणजे पुढच्या चाकावरचा पत्रा, कापावा लागतो, आणि इंजिनाला वरून हवा मिळाली म्हणून वाहत्या पाण्यात चाकं जमीन धरून राहत नाहीत. बालिंग्याच्या पुलाकडे पाणी चढायला लागलं की गाडी घरी उभी करायची, एवढंच आमचं स्नॉर्केल. त्याला पटलेलं नाही.

सध्या आमचं रिव्हर्स कॅमेऱ्यावर अडलंय. मागे रोपांच्या रांगा असतात, त्यामुळे कॅमेरा हवा आहे. मिळतात ते बहुतेक फाळक्याला भोक पाडून बसवायचे. नंबरप्लेटच्या दिव्याच्या जागेत मावणारा एक आहे म्हणतात. तो आणून मापाला लावून बघायचाय. बसला तर कळवते, नाहीतर आहेच आपलं, “येऊ दे, येऊ दे, बास!”