रोहितांचं चित्रपुस्तक : तिसरी डमी आणि पाइपाचा पाय

माझ्या चित्रपुस्तकाची तिसरी डमी, म्हणजे छपाईआधीचा नमुना, काल रात्री शिवून झाली. ३२ पानं, म्हणजे सोळा-सोळा पानांचे दोन फर्मे (एका मोठ्या कागदाची घडी घालून होणारे पानांचे गठ्ठे), कव्हर वेगळं. गोष्ट बदललेली नाही. नेरुळची एक मुलगी सकाळी आजोबांबरोबर खाडीकडे निघते आणि वाटेत शहरात उभे असलेले रोहित, म्हणजे फ्लेमिंगो पक्षी, मोजत जाते. चौकातले पत्र्याचे, भिंतींवरचे, पुलाखालचे. शेवटच्या पानावर खरे.

पहिल्या दोन डमी रद्द कराव्या लागल्या, कारण सगळी चित्रं मी उभं राहून काढलेल्या फोटोंवरून केली होती. भाची सहा वर्षांची आहे. चौकातल्या शिल्पाचं पान बघून म्हणाली, "मावशी, मला तर त्याचं पोटच दिसतं." दुसऱ्या दिवशी तिथे जाऊन उकिडवी बसले. खरंच! समोर दोन लांब पाय, वर पोटाचा फुगवटा, त्यावर वेल्डिंगच्या रेघा, आणि चोच पार झाडाच्या फांदीत शिरलेली. मोठ्यांना हे कधीच दिसत नाही. सगळी पानं साडेतीन फुटांवरच्या डोळ्यांनी पुन्हा काढली.

पाय जवळून बघताना भाचीला आणखी एक प्रश्न पडला : याचा गुडघा उलटा का वाकतो? तो गुडघा नाहीच, घोटा आहे; खरा गुडघा वर पिसांत लपलेला असतो. हे अख्खं एक पान झालं, आणि माझ्या मते पुस्तकातलं सगळ्यात चांगलं. शेवटच्या पानावर मुलीशेजारी मोठा आणि छोटा असे दोन्ही रोहित मापात काढलेत. मोठा साधारण तिच्याएवढा, छोटा तिच्या खांद्याखाली. शिल्पाच्या पायांमधून वर बघत आलेल्या मुलीला खरा पक्षी एवढासा निघतो, तिथे गोष्ट थांबते. ठाणे खाडीचं अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं आणि २०२२ मध्ये ते रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) झालं, एवढी एक ओळ मागच्या कव्हरवर पालकांसाठी ठेवली आहे.

आता परवानगीचं. शहरातली कला पुस्तकात घेणाऱ्या प्रत्येकाने हे आधी बघावं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमाप्रमाणे सार्वजनिक जागी कायमचं बसवलेलं शिल्प चित्रात काढून छापता येतं. भिंतीवर रंगवलेलं चित्र त्या सवलतीत येत नाही. म्हणजे चौकातला रोहित मला मोकळा, पुलाखालचा नाही. रस्त्यावर आहे म्हणजे सगळ्यांचं, असं मीही धरून चालले होते.

आणि पुलाखालचाच मला हवा होता! तिथे खांबावरून पावसाचं पाणी उतरवणारा पाइप आहे. चित्रकाराने तोच पाइप गुलाबी रंगवून रोहिताचा एक पाय केलाय. दुसरा पाय नुसता रंगवलेला. येता-जाता मुलं त्या पाइपाला हात लावतात, त्यामुळे तेवढ्या उंचीवर रंग उडून खालचा करडा पाइप दिसतो. कोपऱ्यात चित्रकाराचा नंबर होता. फोन केला, भेटले. चित्राचे हक्क त्यांच्याकडेच आहेत ना, की काम देणाऱ्याकडे गेलेत, हे आधी विचारून घेतलं, मग साध्या कागदावर परवानगी लिहून घेतली. नाव श्रेयपानावर नाही, त्याच पानावर येईल. ते म्हणाले, "ताई, तेवढा उडालेला रंग भरून दाखवा की." मी नको म्हटलं. मुलांच्या हातांनी उडालेला रंग आहे तो. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मग राहू द्या."

हे चित्र १६-१७ पानांवर घेतलंय. सेंटर पिनच्या, म्हणजे मधल्या घडीवर पिना मारलेल्या, पुस्तकात बरोबर मधली जोडपानं एकाच कागदाची असतात, त्यामुळे चित्र जुळवताना सरकत नाही. पण पाइप नेमका घडीवर आला आणि पिन पायातून गेली. आता तो दोन सेंटिमीटर डावीकडे घेतलाय.

गुलाबी रंगाने मात्र रडवलं. छापखान्यातून आलेला पहिला प्रूफ, म्हणजे तपासायला छापलेला नमुना, विटकरी होता. मी पंखांच्या सावलीत काळा आणि निळा मिसळला होता, वर कागद बिनचकाकीचा, शाई पिणारा. दोन्ही रंग काढून सावल्या नुसत्या गडद मॅजेंटात आणि थोड्या पिवळ्यात केल्या. दुसरा प्रूफ दिवसाउजेडी खिडकीत धरून पाहिला. पिसं उजळली, चोचीचं काळं टोकही उठून दिसलं.

कव्हर बाकी आहे. रविवारी सकाळी भाचीला घेऊन पुन्हा पुलाखाली जाणार आहे. तिचा हात पाइपावर नेमका कुठे पोचतो ते मोजायचंय, कव्हरवर तोच हात येणार आहे.