पाटीवरची किंमत

जानेवारीतल्या एका रविवारी मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर पॅडॉकजवळ, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवून दाखवतात त्या जागेजवळ, उभा असताना, सर्वांत खालच्या वर्गाच्या शर्यतीसाठी आणलेल्या एका तांबड्या घोड्याच्या तोंडाचा फेस त्याचा मोतद्दार खांद्यावरच्या पंच्याने हलकेच टिपताना दिसला. शेजारचे काका म्हणाले, "त्याला काय बघता? टट्टू आहे ते."

काकांचा सूर मला पटला नाही, कारण डोक्यात रिच स्ट्राइक नावाचा एक अमेरिकन घोडा घोळत होता.

आपल्याकडे घोड्याची पायरी हॅंडिकॅपर, म्हणजे घोड्यांना रेटिंग देणारा अधिकारी, ठरवतो. घोडा जिंकत गेला की त्याचे रेटिंग चढते आणि तो वरच्या वर्गात जातो. अमेरिकेतल्या क्लेमिंग शर्यतीत मात्र घोडा जणू ठरावीक किमतीची पाटी लावून उतरवला जातो आणि शर्यतीआधी चिठ्ठी टाकणारा परवानाधारक ती किंमत मोजून त्याला घेऊन जाऊ शकतो. त्या शर्यतीचे बक्षीस तेवढे जुन्या मालकाचे. चांगला घोडा दुबळ्यांत घुसवून सोपे पैसे लाटायला जावे, तर घोडाच हातचा जायचा, असा हा धाक आहे. म्हणूनच ती किंमत निव्वळ मोल नसते; तिच्यात मालकाचा अंदाज, अडचण आणि क्वचित थापही मिसळलेली असते.

सप्टेंबर २०२१ मध्ये चर्चिल डाउन्स या रेसकोर्सवर रिच स्ट्राइक ३० हजार डॉलरच्या अशा शर्यतीत उतरला, तब्बल सव्वासतरा लेंग्थने (एक लेंग्थ म्हणजे साधारण एका घोड्याची लांबी) जिंकला आणि त्याच दिवशी दुसऱ्याच्या तबेल्यात गेला. पुढच्या मे महिन्यात केंटकी डर्बी या अमेरिकेतल्या मानाच्या शर्यतीत एका घोड्याने आदल्या दिवशी माघार घेतली म्हणून त्याला जागा मिळाली आणि ८० ला १ च्या, म्हणजे एका डॉलरला ऐंशीच्या, भावाने त्याने ती जिंकली. त्याहून मला चमत्कारिक वाटतो तो कॅरिस्मॅटिक हा घोडा. फेब्रुवारी १९९९ मध्ये तो ६२,५०० डॉलरला उतरला होता, म्हणजे तेवढे पैसे मोजून कोणीही परवानाधारक त्याला नेऊ शकला असता. एकाही माणसाने चिठ्ठी टाकली नाही, आणि मे महिन्यात त्याने केंटकी डर्बी व प्रीकनेस या दोन्ही मानाच्या शर्यती जिंकल्या. पारखी डोळ्यांचे इतके ट्रेनर तिथे असताना!

अर्थात, टट्टू आणि अव्वल घोडा यांच्यातली ही सीमारेषा उलट दिशेनेही पुसट होते. डर्बीनंतर रिच स्ट्राइकला एकही शर्यत जिंकता आली नाही. मग त्याला अव्वल म्हणायचे की नशीबवान, यावर जाणकारांनी खुशाल वाद घालावा. माझ्या मते पाटीवरची किंमत त्या दुपारपुरती खरी असते. घोडा वाढतो, अंतर बदलते, पायाखालची जमीन बदलते, आणि पाटी मात्र जुनीच राहते.

आमचा तांबडा त्या दिवशी सहावा आला. रिच स्ट्राइकची हकीकत मी काकांना सांगितली, तेव्हा त्यांनी क्षणभर विचार केला. "विकणाऱ्याला झोप लागली नसेल हो," असे म्हणून ते रेसबुकात पुढच्या शर्यतीची वजने शोधू लागले.