फिओक्रोमोसायटोमाची जनुक तपासणी: घोडं अडलं ते फॉर्मवर

भावाच्या ॲड्रिनल ग्रंथीतली गाठ काढली, रिपोर्ट फिओक्रोमोसायटोमाचा आला, डॉक्टरांनी जनुक तपासणी लिहून दिली. इथवर सगळं सुरळीत. घोडं अडलं ते कलेक्शन सेंटरच्या काउंटरवर.

चिठ्ठीवर फक्त ‘जेनेटिक टेस्ट, फिओ’. काउंटरवरच्या मुलीने सरळ आनुवंशिक कॅन्सर पॅनलवर, म्हणजे एकदम अनेक जनुकं तपासणाऱ्या संचावर, टिक केली. पॅनलमध्ये कोणती जनुकं आहेत विचारलं, तर म्हणे रिपोर्टमध्ये कळेल! हट्टाने यादी मागवली. तीत स्तनाच्या कॅन्सरचं बीआरसीए होतं, आतड्याच्या कॅन्सरची जनुकं होती, पण फिओशी निगडित एसडीएच गटातलं एकही नाही. असला रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ आला की घरचे निर्धास्त होतात, याचाच मला अजून संताप येतो. या गाठींच्या साधारण दर तिघांपैकी एका रुग्णात जन्मजात जनुकदोष सापडतो.

म्हणून नावं डॉक्टरांकडून चिठ्ठीवरच लिहून घ्या: एसडीएचए, एसडीएचबी, एसडीएचसी, एसडीएचडी, एसडीएचएएफ२, व्हीएचएल, आरईटी, एनएफ१, मॅक्स, टीएमईएम१२७, एफएच. सोबत ‘डिलीशन-डुप्लिकेशनसह’ हे शब्द हवेतच. जनुकाचा मोठा तुकडाच गळालेला असेल, तर साध्या सीक्वेन्सिंगमधून, म्हणजे जनुकाची अक्षरं वाचणाऱ्या तपासणीतून, तो निसटू शकतो. व्हीएचएल आणि एसडीएचबीमध्ये असं होतं. नमुना रक्ताचा, जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये. गाठीचा ब्लॉक (काढलेल्या गाठीचा मेणात जपलेला तुकडा) पाठवला तर दोष फक्त गाठीतला की जन्मजात, हे त्यावरून ठरत नाही.

कुटुंबाच्या रकान्यात ‘काही नाही’ लिहून मोकळे होऊ नका. मानेतली गाठ, तरुणपणीचं ब्लडप्रेशर, थायरॉइड किंवा किडनीचा कॅन्सर, ऑपरेशनच्या टेबलावर अचानक दगावलेलं कोणी, सगळं लिहा. वडिलांकडचं तर नक्कीच. एसडीएचडीचा दोष वडिलांकडून आला तरच सहसा गाठ होते, आईकडून आला तर त्या पिढीत सहसा गाठ होत नाही.

‘व्हीयूएस’, म्हणजे अर्थ अजून नक्की न कळलेला बदल, असा शेरा आला तर तो दोष धरू नका. त्यावरून नातेवाइकांची तपासणीही करायची नसते. खरा दोष सापडला, तर भावंडांना आणि मुलांना पूर्ण पॅनल लागत नाही, तेवढा एकच बदल तपासतात. खर्चही कमी येतो. त्यासाठी मूळ रिपोर्टची प्रत फॉर्मला जोडा.

एक राहिलंच: मेटानेफ्रिनचं, म्हणजे ही गाठ आहे का हे पाहणाऱ्या तपासणीचं, रक्त देताना आधी वीस-तीस मिनिटं आडवं पडायचं आणि आडवं असतानाच रक्त द्यायचं. बसून दिलं तर आकडा उगाच वाढतो. चालू औषधांची यादीही आधी डॉक्टरांना दाखवा.