आत्यासोबत गिरगावच्या वाड्यांतून

आत्याचं माहेर मुगभाटातलं. लग्न होऊन ती बोरिवलीला गेली, त्याला चव्वेचाळीस वर्षं झाली. गेल्या रविवारी तिला घेऊन गिरगावात गेलो. सकाळी साडेआठला चर्नी रोडला उतरलो आणि पूर्वेकडून बाहेर पडलो. आता मेट्रोचं गिरगाव स्टेशनही झालंय. गुडघे दुखणारं कुणी बरोबर असेल तर तिथे लिफ्ट आहे, रेल्वेचा पूल चढावा लागत नाही.

फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी ही नावं आत्या एका दमात म्हणते. झाडं गेली, नावं राहिली. केळेवाडीत साहित्य संघाचं नाट्यगृह आहे. तिथे तिने आजोबांच्या मांडीवर बसून पहिलं नाटक पाहिलं होतं. पुढे मॅजेस्टिक शॉपिंग सेंटरपाशी थांबलो. इथल्या मॅजेस्टिक सिनेमात १४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' हा आपला पहिला बोलपट लागला. त्याआधी, ३ मे १९१३ला, फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र'ही गिरगावातल्याच कॉरोनेशनमध्ये झळकला होता. मुका सिनेमा आणि बोलपट, दोन्हींची सुरुवात एकाच पेठेत झाली, याचा मला फार अभिमान वाटतो.

खोताच्या वाडीला मात्र निवांत वेळ द्या. सेंट तेरेसा चर्चच्या समोरच्या बाजूला गल्लीचं तोंड आहे, ते सहज नजरेतून सुटतं. आत शिरलं की जगन्नाथ शंकरशेट रस्त्याचा गोंगाट एकदम मागे पडतो. लाकडी कठडे, बाहेरून वर जाणारे जिने, कौलारू छपरं, दारापुढे कुंड्या. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांनी इथली जमीन ईस्ट इंडियन कुटुंबांना दिली आणि वाडी वसली. ही ख्रिस्ती माणसं मूळची इथलीच, त्यांची बोलीही मराठीच. एका ओट्यावरच्या आजींशी आत्याची लगेच गट्टी जमली. मासे, सून, पाणी किती वाजता येतं, सगळं बोलून झालं. जुन्या घरांपैकी बरीच पडली, त्यांच्या जागी इमारती आल्या. जी उरलीत त्यांत माणसं राहतात, म्हणून कळकळीने सांगतो : खिडकीतून आत कॅमेरा रोखू नका, कुणाच्या जिन्यावर चढून फोटो काढू नका. आधी विचारा. आम्ही विचारलं, तर आम्हाला बसायला खुर्ची मिळाली.

तिथून केशवजी नाईक चाळ. मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती इथे १८९३ साली बसला आणि १९०१मध्ये टिळक स्वतः इथे येऊन गेले. गणपतीची मूर्ती आजही लहान, शाडूची असते आणि पालखीतून जाते. उंचीची स्पर्धा नाही, भिंती हादरवणारे स्पीकर नाहीत. उत्सव खरा कसा असतो ते पाहायचं असेल, तर भाद्रपदात इथे या.

एव्हाना भूक लागली होती. ठाकूरद्वारच्या 'विनय'मध्ये मिसळ खाल्ली. नुसती जहाल नाही, तिला चव आहे. रविवारी इथे रांग लागते, तेव्हा दहाच्या आत पोचलेलं बरं. 'पणशीकरां'कडे साबुदाणा वडा आणि पियूष घेतलं. पियूष घटाघट पिऊ नका, केशर-जायफळाचा वास घोटाघोटाने घ्यायचा असतो.

आमची एक चूक झाली, ती तुम्ही करू नका. या भागात रिक्षा चालत नाहीत हे मी विसरलो आणि आत्याला भर उन्हात टॅक्सीची वाट पाहत उभं राहावं लागलं. टोपी, पाण्याची बाटली आणि सुटे पैसे जवळ असू द्या.

चौपाटीवर जाऊन टिळकांच्या पुतळ्यापाशी बसलो. १ ऑगस्ट १९२० रोजी सरदारगृहात टिळक गेले आणि त्यांना अग्नी दिला तो इथे, या वाळूवर. आजोबांचे वडील त्या गर्दीत होते, असं आत्या लहानपणापासून ऐकत आली होती. तिने चपला काढल्या, नमस्कार केला आणि म्हणाली, "पुढच्या वेळी मुगभाटातून सुरुवात करू. आज तिकडे जायला मन धजलं नाही."

भाद्रपदात पुन्हा जायचं ठरलंय.