पिकदाणी कुठं ठेवलीय ते आधी बघा

"अगं, आम्हाला त्या वाइनमधलं काही म्हणता काही कळत नाही. मग तिकडं जाऊन करायचं काय?"

दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउनला मी चार वर्षं होते. परत येऊनही बरेच दिवस झाले, पण हा प्रश्न काही पाठ सोडत नाही. विचारणारे तेवढे बदलतात. कधी लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला निघालेली मावसबहीण, कधी ऑफिसातला नुकतंच लग्न झालेला मुलगा. टूरवाल्याच्या कागदावर 'स्टेलनबॉश, वाइन टेस्टिंग, अर्धा दिवस' अशी एक ओळ असते आणि माणूस नेमका तिथं अडखळतो. टेबल माउंटन कळतो, पेंग्विन कळतात. वाइन म्हटलं की आपण गावंढळ ठरू ही एक धास्ती, आणि चढली तर काय ही दुसरी. तेव्हा तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

चढण्याचं आधी सांगते, कारण त्यावर उपाय सोपा आहे. तिथं थुंकायचं असतं. टेबलावर एक भांडं ठेवलेलं असतं, कधी चिनी मातीचं, कधी स्टीलचं. आपल्या आजोबांकडे होती तीच वस्तू, पिकदाणी. घोट तोंडात घ्यायचा, चूळ भरल्यासारखा फिरवायचा आणि त्यात टाकायचा. ग्लासात उरलेलीही तिथंच ओतायची. कुणी तुमच्याकडे वळूनही बघत नाही. उलट जे धंद्यातले असतात, ते सकाळी दहापासून थुंकतच असतात. पान खाऊन भिंती रंगवणाऱ्यांच्या देशातून आलेल्या आम्हालाच नेमकी तिथं लाज वाटते, हा विनोद मला चार वर्षं पुरला.

हे मला पहिल्या खेपेला कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही सहाजण, भाड्याची गाडी, ड्रायव्हर घेतलेला (एवढी अक्कल होती), आणि एका दिवसात पाच फार्म करायचे असा निश्चय. तिकडं वायनरीला 'वाइन फार्म'च म्हणतात. एकेका ठिकाणी पाच-सहा वाइन. प्रत्येक वेळी ग्लासाच्या तळाशी जेमतेम दोन-तीन घोट. म्हटलं, एवढ्यानं काय होतंय. चौथ्या ठिकाणी मी काय चाखलं हे मला आजही सांगता येणार नाही. पाचव्या ठिकाणी मी सहा बाटल्यांचं खोकं विकत घेतलं, तेही गोड वाइनचं. ती आमच्यातल्या कुणालाच आवडत नव्हती. पुढं वर्षभर ती खीर केल्यासारखी पाहुण्यांना वाढत होते.

तेव्हापासून माझा हिशेब ठरलेला आहे. दिवसाला दोन फार्म. तिसरा हवाच असेल तर फक्त जेवायला.

आता कळण्या-न कळण्याचं. वाढणारी मुलगी सांगते, "यात तुम्हाला गूजबेरी जाणवेल." आपण उभ्या जन्मात गूजबेरी खाल्लेली नसते, तरी माना डोलावतो. नका डोलावू. सोव्हिन्याँ ब्लाँ ही पांढरी वाइन नाकाशी धरा आणि ढोबळी मिरची चिरताना येतो तो वास आठवा. तोच आहे. दोन्हींत तो वास देणारं रसायन एकाच कुळातलं असतं, ही नुसती कविकल्पना नाही. शिराझ या लाल वाइनमध्ये मिरे असतात, ताजे भरडलेले. शेनँ ब्लाँमध्ये मला कायम पिकायला टेकलेला पेरू आणि पुसटसा मध येतो. शेनँ हे केपचं सगळ्यात जास्त लावलेलं द्राक्ष, जुने लोक त्याला 'स्टीन' म्हणतात. आणि कॅबर्ने या लाल वाइननं जीभ आवळली, दात खरखरीत झाले, की गाइड त्याचं दहा वाक्यांत वर्णन करते. आपल्याकडे त्याला एक शब्द आहे, तुरट. जांभळं खाऊन, सुपारी चघळून, कच्चं केळं चुकून चावून तो शब्द आपण लहानपणीच शिकलोय. ज्याच्याकडे तुरट हा शब्द आहे त्यानं आपल्याला वाइनमधलं कळत नाही म्हणू नये.

पण माझं खरं उत्तर वेगळं आहे, आणि ते मला आप्पांमुळे मिळालं.

आप्पा माझे वडील. माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, दर आषाढीला पंढरपूर. आम्ही बागलाणचे, चार एकर द्राक्ष, तेही आगाप छाटणीचं. म्हणजे फळछाटणी भर पावसाळ्यात उरकायची आणि डिसेंबर-जानेवारीत माल काढून मोकळं व्हायचं. जानेवारीअखेर माल गेला की आप्पांना चार-सहा आठवडे उसंत असते. त्या फेब्रुवारीत आई आणि ते केप टाउनला आले. तिकडं तो ऐन तोडणीचा काळ. दक्षिण गोलार्ध असल्यानं द्राक्ष उन्हाळ्यात, म्हणजे साधारण जानेवारीअखेरपासून मार्चपर्यंत पिकतं. माळकरी माणसाला वाइन फार्मवर कसं न्यायचं, हा मलाच पेच. भीत भीत विचारलं तर म्हणाले, "प्यायला सांगणार असशील तर नको. बाग दाखवणार असशील तर चल."

स्टेलनबॉश केप टाउनपासून पन्नासेक किलोमीटर. १६७९ साली वसलेलं गाव, ओकची झाडं, पांढऱ्या भिंतींची डच घरं, आणि चहूबाजूंनी निळे-करडे डोंगर. त्या डोंगरांकडे आप्पांनी एकदाच बघितलं. "सह्याद्रीच," म्हणाले, आणि पुढं रस्त्याकडेच्या ओळी बघत राहिले.

मी मुद्दाम एक लहान फार्म निवडला होता. तिथं आधी कळवलं तर बागेत फिरवून आणतात. गाइड होता विशीतला मुलगा, शेतकीच शिकलेला. ओळींच्या टोकाला गुलाब लावलेले होते. त्यानं सांगितलं, रोग आला की आधी गुलाबावर दिसतो, मग आम्ही सावध होतो. मी भाषांतर केलं. आप्पा म्हणाले, "भुरी का? त्याला गुलाब कशाला पाहिजे? रोज बागेत गेलं की पानच सांगतं." हे मी भाषांतरात गाळलं.

मग तो आम्हाला एका जुन्या तुकड्यात घेऊन गेला. शेनँची वेल, पण वेल म्हणवत नव्हतं. ना मांडव, ना तार, ना अँगल. गुडघ्याएवढी, पिळवटलेल्या खोडाची एकेक सुटी झुडपं, कोरड्या मातीत आपापल्या जागी उभी. तिकडं याला 'बुश वाइन' म्हणतात. लागवड १९७८ची, म्हणाला. आप्पांनी मला दोनदा विचारून खात्री करून घेतली. आमच्याकडे बाग पंधरा वर्षांची झाली की उत्पन्न उतरतं, मग उपटून नवीन लावायची. इथं चाळीस वर्षांची बाग उभी, आणि तिचा माल जास्त मानाचा. पस्तीस वर्षांवरच्या बागांसाठी त्यांनी वेगळं प्रमाणपत्रच काढलंय, बाटलीवर लागवडीचं साल छापतात. आप्पा खाली बसले. खोडावरून हात फिरवला. सुटी झालेली साल नखानं जरा उचलून आत कीड आहे का बघितलं, आणि परत तशीच दाबून बसवली.

"एकरी किती?" त्यांनी विचारलं. पोरानं हेक्टरात सांगितलं, मी भागाकार केला. दीड टन. आप्पा हसायलाच लागले. आमच्याकडे दहा टनांच्या खाली आलं तर घरात सुतक.

मुलानं एक घड तोडून हातात दिला. मणी बारीक, एवढेसे. आमच्याकडे व्यापारी येतो तो मणी मापून घेतो, अठरा मिलिमीटरच्या खालच्या मालाला नाक मुरडतो. हा मणी बाराचाही नसेल. आप्पांनी तोंडात टाकला, चावला, आणि थांबले. जाड साल, आत बिया, आणि गोडी अशी की घशाला लागावी. "साखर चोवीस असणार," म्हणाले. खिशात साखर मोजायचं मीटर नव्हतं. त्या मुलानं सांगितलेला त्या सकाळचा आकडा होता तेवीस पूर्णांक आठ. तिथून पुढं त्या पोराचा आप्पांकडे बघण्याचा नूर पालटला.

मग मी दुभाषी आणि ते दोघं, असं तासभर चाललं. छाटणी किती वेळा? एकदाच, हिवाळ्यात, वेल झोपलेली असताना. आप्पा म्हणाले, आमची वेल झोपतच नाही, थंडी कुठं तेवढी? म्हणून आम्ही दोनदा छाटतो. उन्हाळ्यात खरड छाटणी, ती काडी तयार करायला. मग फळछाटणी, ती माल धरायला. त्या मुलाला हे ठाऊक नव्हतं. त्यानं खिशातून फोन काढून लिहून घेतलं. टेस्टिंगला आलेली बाकीची मंडळी तिकडं ओकच्या सावलीत ग्लास हलवत बसली होती, आणि इथं आमचे आप्पा बांधावर बसून काडीनं मातीत दोन छाटण्यांची आकृती काढत होते.

तळघरात ते आले, पण दारापाशीच थबकले. आत टाक्यांमध्ये रस आंबत होता, बाहेर सालीचा चोथा पडला होता. "रसवंतीच्या मागं येतो तसला वास," आई म्हणाली. अगदी तसाच. आप्पांनी ग्लास हातात घेतला, हुंगला, पेरू म्हणाले, आणि माझ्याकडे दिला.

तर जाऊन करायचं काय याचं उत्तर हे. बागेत चाला. टेस्टिंगच्या खोलीत सगळे बसतात, बाग मात्र मागितल्याशिवाय दाखवत नाहीत. बुकिंग करतानाच विचारा. वाइन न घेणाऱ्यांनी आणि मुलांनी संकोच करू नये. बऱ्याच ठिकाणी द्राक्षाच्या रसाचं टेस्टिंगही असतं, तसेच पाच लहान ग्लास, मुलं भलती खूश होतात. शाकाहारी असाल तर एवढं बघा की सोबत 'बिल्टाँग' मागवलं जाणार नाही. ते वाळवलेलं मांस असतं. चीज किंवा चॉकलेट मागा. आणि गाडी स्वतः चालवायची नाही, थुंकणार असलात तरी.

पिनोटाज ही लाल वाइन तेवढी चुकवू नका. आवडेलच असं नाही. मला आधी त्यात जळक्या टायरचा वास यायचा, आणि ही तक्रार जुनी आहे. पण ते द्राक्ष स्टेलनबॉशातच जन्मलं. पेरोल्ड नावाच्या प्राध्यापकांनी १९२५ साली पिनो न्वार आणि सँसो या दोन द्राक्षांचा संकर केला, हाती आलेल्या चार बिया आपल्या बंगल्याच्या बागेत लावल्या, आणि पुढं नोकरी बदलून निघून गेले. मागं तण माजलं. बाग साफ करायला माणसं आली तेव्हा एका तरुण प्राध्यापकाच्या ती रोपं लक्षात आली म्हणून वाचली, असं सांगतात. त्या चार रोपांवर एका देशाची ओळख उभी आहे.

एक गोष्ट मात्र ब्रोशरात नसते, ती सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. ती पांढरी डच घरं आणि त्या बागा गुलामांच्या हातांनी उभ्या राहिल्या. ती माणसं मादागास्कर, मोझांबिक, इंडोनेशियातून आणलेली होती, तशीच बंगाल, मलबार, कोरोमंडलच्या किनाऱ्यांवरूनही. गुलामगिरी गेल्यावरही 'डॉप' राहिला, म्हणजे मजुरीचा एक भाग पैशांऐवजी हलक्या वाइनमध्ये द्यायचा. बंदी येऊनही तो कितीतरी वर्षं चालला, आणि आईच्या पोटातच दारूचा मार बसलेल्या मुलांचं त्या भागातलं प्रमाण आजही जगातल्या सर्वाधिक प्रमाणांत मोडतं.

केप टाउन शहरातच ग्रूट कॉन्स्टँशिया आहे, १६८५चं, देशातलं सगळ्यात जुनं वाइन फार्म. कॉन्स्टँशियाची गोड वाइन सेंट हेलेना बेटावर कैदेतल्या नेपोलियनला जायची, हे तिथं प्रत्येकजण सांगतो. मला त्याहून मोठी वाटते ती आना डी कोनिंग. नवऱ्याच्या मागं, १७२४पासून दहा वर्षं, ती या फार्मची मालकीण होती. तिची आई अँजेला, बंगालमधून गुलाम म्हणून आणून केपला विकलेली, पुढं मुक्त झालेली. आईला मी हे त्या वाड्याच्या पायरीवर बसून सांगितलं. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्या बाईला तिचं गावचं नाव तरी कुणी विचारलं असेल का गं?"

बाटल्या आणायच्या असतील तर माणशी दोन लिटर विनाशुल्क. म्हणजे दोन बाटल्या. तिसरी घेतलीत की सव्वादोन लिटर होतं. मोठ्या बॅगेत, साडीत गुंडाळून ठेवा. कोणती आणू, असं विचारलंत तर मी डोळे मिटून शेनँ सांगेन, जुन्या बागेची.

त्या फार्मची एक बाटली मीही तेव्हा घेतली होती. वाइन आम्ही मैत्रिणींनी संपवली, रिकामी बाटली आप्पांनी मागून घेतली आणि कपड्यांत गुंडाळून बागलाणला नेली. आता ती पुढच्या खोलीत, दूरदर्शन संचाशेजारी आहे, आईनं तिच्यात मनीप्लँट लावलाय. माळकऱ्याच्या घरात दारूची बाटली बघून येणारा-जाणारा चपापतो. आप्पा ती हातात देतात, गळ्यावरची चिकटपट्टी दाखवतात आणि म्हणतात, "लागवडीचं साल वाच."