खटका पाडलेला होता

नवतपा, म्हणजे मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागायला दोन दिवस होते. रात्री घाटंजी तालुक्यात वादळ सुटलं, पाऊण तास पाऊस झाला, आणि सकाळी सात वाजायच्या आत माझा फोन वाजला. मी वायरमन. ज्यांना मी मामा म्हणतो त्यांचा.

"भाऊ, कुलरच्या स्टँडले बांधलेली बकरी मेली. लोकं म्हणते पान लागलं. पण पोरगा साखळी सोडवाले गेला तं त्याच्या हाताले झनका बसला."

आमच्याकडं साप चावला असं तोंडानं म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. पण झनका, म्हणजे शॉक, बसला म्हटल्यावर माझ्या डोक्यात साप-बिप राहिलाच नाही. म्हटलं, "मामा, आधी लाईन बंद करा. तिकडं कोणाले जाऊ देऊ नका." ते म्हणाले, "खटका केव्हाच पाडला."

पोचलो तेव्हा अंगणात चिखल होता. खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर पत्र्याचा कूलर, वाळ्याच्या ताट्या अजून ओल्या. बकरीची मान स्टँडच्या पायाला टेकलेली, साखळी ताणलेली. आणि मामांची सून पाण्याची बादली घेऊन कूलरजवळ उभी. ऊन तापायच्या आत टाकी भरायची असते ना. मला बघून म्हणाली, "बंदच हाय भाऊजी, खटका पाडला हाय."

घरात पंखा थांबलेला, एमसीबीचा, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा, खटका खाली. सगळं बंद दिसत होतं. तरी मी म्हटलं, "वहिनी, दोन मिनिटं थांबा," आणि कूलरच्या पत्र्याला टेस्टर लावला. टेस्टर भक्कन पेटला.

मी वहिनींच्या पायाकडं पाहिलं. अनवाणी, चिखलात.

एमसीबी फक्त लाल तार तोडतो, म्हणजे फेज, जिच्यातून करंट येतो ती. काळी तार, म्हणजे करंट परत नेणारा न्यूट्रल, पट्टीवरून सरळ पुढं जाते. लाल तुटलेली असून पत्र्यात करंट असेल तर तो दुसऱ्या वाटेनं येतोय. मीटरखाली जुना लोखंडी मेन स्विच होता. त्याचा दांडा खाली ओढला तसा टेस्टर विझला. मेन दोन्ही तारा तोडतो. म्हणजे करंट काळ्या तारेतून येत होता.

नुसत्या टेस्टरवर मी विश्वास ठेवत नाही. सगळ्यांना ओट्यावर बसवलं, चिखलात एक सळई खोल ठोकली, मेन चालू केला आणि माझा व्होल्टमीटर लावला. सळई आणि काळी तार: 228 व्होल्ट. सळई आणि लाल तार: 3 व्होल्ट. न्यूट्रल ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीला जोडलेला असतो, त्यामुळं दोन-चार व्होल्ट काळ्या तारेवर दिसायला पाहिजेत. इथं सगळं उलटं.

मामांना विचारलं तर कळलं, वादळात लिंबाची फांदी पडून सर्व्हिस वायर, म्हणजे खांबावरून घरात येणारी तार, तुटली होती. रात्रीच कोणीतरी खांबावर चढून जोडून दिली. अंधार, पाऊस, आणि दोन सारख्या तारा. फेजच्या जागी न्यूट्रल गेला, न्यूट्रलच्या जागी फेज. दिवे लागले, पंखे फिरले, सगळे झोपले. बल्बला फेज कुठल्या बाजूनं आला याच्याशी काही घेणं नसतं.

पण नुसत्या उलट्या जोडणीनं बकरी मरत नाही. काळी तार कूलरच्या पत्र्यापर्यंत कशी पोचली? मेन पाडून खिडकीजवळचं तीन पिनचं सॉकेट उघडलं. न्यूट्रलच्या भोकातून अर्थच्या भोकाला काळ्या तारेचा दोन इंचाचा तुकडा जोडलेला. टोकाला तीन पीळ, मग उलटी घडी.

अशी घडी मी घालतो. ते सॉकेट 2011 मध्ये मीच बसवलं होतं.

तेव्हा आयटीआय होऊन दोन वर्षं झाली होती. कूलरचा पंप जुना होता, थोडी करंटची गळती होती, पत्र्याला हात लावला की झिणझिण्या यायच्या. घरात अर्थिंग, म्हणजे असा करंट जमिनीत नेणारी सोय, नाही. ज्या मिस्त्रींच्या हाताखाली मी होतो त्यांनी शिकवलेलं, "अर्थ नसन तं न्यूट्रलले लूप मार." मारला. गळतीचा करंट काळ्या तारेनं परत गेला, झिणझिण्या थांबल्या, टेस्टर पेटेना. मामांनी चहा पाजला. आयटीआयच्या पुस्तकात असं कधीच करू नये असं होतं आणि मी ते वाचलेलं होतं.

या लुपात बिघाड व्हायची वाट बघावीच लागत नाही. काळ्या तारेत फेज आला की कूलर चांगला असो, बंद असो, पत्र्यावर पूर्ण 230 व्होल्ट. तारा उलट्या होणं सोडा, नुसता न्यूट्रल कुठं तुटला आणि घरात एका बल्बचं बटण चालू राहिलं, तरी त्या बल्बमधून करंट काळ्या तारेत आणि तिथून पत्र्यावर येतो. एमसीबीला यातलं काही कळत नाही. तो 16 अँपिअरचा, आणि जीव जायला अँपिअरचा दहावा हिस्सा पुरतो.

मी ओट्यावर जाऊन सांगितलं, "मामा, हे मीच केलं होतं."

ते बराच वेळ बकरीकडं पाहत राहिले. मग एवढंच म्हणाले, "सून असती तं?" मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं काही नव्हतं. थोड्या वेळानं उठून त्यांनीच कुदळ आणून दिली.

लूप कापला. मेनच्या पुढच्या तारा बदलून लाल-काळी तात्पुरती सरळ केली, खांबावरची जोडणी मी हजर असतानाच बदला असं लाईनमनला कळवलं. मग न्हाणीचं पाणी जातं तिथं खड्डा. वरची माती चिखल झालेली, पण चार बोटं खाली गेलं की काळी जमीन खडखडीत, भेगांत हात जाईल अशी. एका पावसानं तिची तहान भागत नाही. अडीच मीटरचा जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाईप, भोवती कोळसा आणि मीठ, वरून पाणी. संध्याकाळी फेज आणि नव्या अर्थमध्ये 100 वॅटचा बल्ब लावला तर व्होल्टेज 228 वरून 221 वर आलं. सात व्होल्टची घट, बल्बचा करंट अर्ध्या अँपिअरला थोडा कमी. म्हणजे अर्थचा रोध ढोबळ हिशेबानं सोळा ओहम.

एवढी मेहनत करूनही, फेज पत्र्याला चिकटला तर या अर्थमधून 14 अँपिअरच वाहणार. 16 चा एमसीबी त्यावर पडतच नाही. अर्थिंग केलं की झालं असं समजणाऱ्यांना मी हा हिशेब कागदावर मांडून दाखवतो. म्हणून आरसीसीबी लागतोच. जाणारा आणि येणारा करंट तो तोलतो, 30 मिलिअँपिअरचा फरक पडला की डोळ्याची पापणी लवायच्या आत दोन्ही तारा तोडतो. मामांनी किंमत विचारली आणि म्हणाले, "बकरी याच्यावून महाग होती." चाचणीचं बटण मी त्यांच्याच बोटानं दाबायला लावलं. दर महिन्याला दाबायचं, वहिनींनी कॅलेंडरवर खूण केली.

त्या रात्री जुन्या डायऱ्या काढल्या. लूप मारल्याचं कुठं लिहिलेलं नव्हतं, पण त्या दोन-तीन वर्षांत कुणाकडं तीन पिनचं सॉकेट बसवलं ते होतं. चौदा घरं. नवतपाभर मोटरसायकलवर फिरलो, पैसे घेतले नाहीत. बारा घरं उघडून पाहिली, नऊ ठिकाणी लूप सापडला. एका घरी पत्र्याचा कूलर जाऊन प्लॅस्टिकचा आला होता, पण त्याच सॉकेटवर आता इस्त्री चालत होती.

दोन घरांना कुलूप आहे. माणसं वीटभट्टीवर गेलीत, पेरणीला येतील. शेजारच्या आजींकडं माझा नंबर देऊन ठेवलाय. कुलूप उघडलं की आधी मला फोन करा, मी येईपर्यंत खिडकीजवळच्या सॉकेटमध्ये पिन घालू देऊ नका, असं दोनदा सांगून आलोय.